आपल्या खाचरातल्या भाताने किती ऊन पकडलं? टक्केवारी काढायची पद्धत, पायरीपायरीने

सायन्स प्रोजेक्ट असो, कृषी कॉलेजची असाइनमेंट असो की एखाद्या शेतकऱ्याला सहज पडलेला प्रश्न, "पीक सूर्याची किती टक्के एनर्जी साठवतं" याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं. एकाचं ०.३ टक्के, दुसऱ्याचं २, तिसऱ्याचं ८, आणि गंमत नाही, भात तेच, खाचरही शेजारशेजारचंच. भागाकार सगळ्यांचा बरोबर असतो. चूक त्याच्या खूप आधी झालेली असते, काय वजन केलं आणि कुठलं ऊन मोजलं इथे. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरण खरीप भाताचं घेतलंय कारण रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत ते सगळ्यांच्या हाताशी आहे, पण नाचणी, वरीलाही हीच पद्धत चालते. आंबा, काजू, नारळाला चालत नाही, कारण उभ्या झाडाचं या वर्षीचं वाढलेलं लाकूड वेगळं काढून वजन करता येत नाही, तिथे पद्धतच निराळी लागते.

मूळ हिशोब एका ओळीचा आहे:

पिकात साठलेली एनर्जी ÷ तेवढ्याच जागेवर तेवढ्याच दिवसांत पडलेली सूर्याची एनर्जी × १००

"तेवढ्याच जागेवर" आणि "तेवढ्याच दिवसांत" हे दोन शब्दप्रयोग वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, निम्म्याहून जास्त घोळ तिथेच होतात.

पायरी १: लावणीच्या आधी चार गोष्टी ठरवा

कापणीच्या दिवशी काटा घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो. लावणीच्या आधीच हे वहीत लिहून ठेवायचं:

१. वर (अंशात) काय घेणार: फक्त दाणा, की दाणा + पेंढा + मुळं? प्रकाशसंश्लेषणाचा हिशोब असेल तर अख्खं झाड घ्यायचं. दाणा म्हणजे झाडाने साठवलेल्यातला एक भाग, बाकी पेंढ्यात आणि मुळांत असतो आणि तोही त्याच उन्हातून आलेला असतो.

२. खाली (छेदात) कुठला प्रकाश घेणार: पडलेलं सगळं ऊन, की त्यातला झाडाला वापरता येणारा भाग? झाड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतं, आणि एकूण सौर ऊर्जेत हा भाग निम्म्याहून जरासा कमी, ४८ टक्क्यांच्या आसपास असतो. दोन्ही हिशोब बरोबर आहेत पण उत्तरात दुपटीचा फरक पडतो, म्हणून कुठला घेतला ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

३. पडलेला प्रकाश की पानांनी अडवलेला? लावणीनंतरचे पहिले काही आठवडे खाचरात पाणीच जास्त दिसतं, रोपं कमी. ते ऊन पाण्यावर जातं.

४. दिवस कुठून कुठपर्यंत: लावणी ते कापणी घ्या. तरव्याचे (रोपवाटिकेचे) दिवस धरले तर तरव्याची जागाही धरावी लागते, आणि ती मुख्य शेताच्या साधारण दहावा भागच असते, तिचं ऊन अख्ख्या शेताला लावून टाकणं ही चूक फार दिसते.

मी सुचवेन की पहिला हिशोब "अख्खं झाड, पडलेलं सगळं ऊन, लावणी ते कापणी" असाच करा. बाकीचे त्यावरून नंतर काढता येतात, उलट दिशेने येता येत नाही.

पायरी २: जागा निवडा, खुणा करा

खाचराच्या मध्यावर १ मीटर × १ मीटरच्या निदान चार जागा निवडा, वेगवेगळ्या ठिकाणी. कोपऱ्याला चार बांबूच्या काठ्या आणि नायलॉनची दोरी पुरते. बांधापासून निदान दोन-तीन ओळी आत या. बांधाकडेच्या चुडांना (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यांना) बाजूनेही ऊन मिळतं, ते भरदार दिसतात, फुटवे जास्त, लोंब्या मोठ्या, आणि साहजिकच हात तिकडेच जातो. पण तुम्ही हिशोबात धरता वरून एका चौरस मीटरवर पडलेलं ऊन, आणि ते झाड खातंय त्याहून जास्त. मग टक्केवारी फुगते.

याच कारणाने कुंडीतल्या एका रोपावर हा प्रयोग करू नका. रोपाची पानं कुंडीच्या बाहेर पसरतात, भागायचं कुठल्या क्षेत्रफळाने हेच ठरत नाही. शाळेच्या प्रदर्शनात ७-८ टक्के उत्तर येतं ते बहुतेक वेळा इथूनच.

कोकणात लावणी दोरीवर ओळीत सगळीकडे होत नाही, त्यामुळे चुडांचं अंतर सारखं नसतं. दोरीच्या रेषेवर आलेल्या चुडाचं काय करायचं ते आधी ठरवा. सोपा नियम असा की बुडखा आत असेल तर तो चूड आत, पानं बाहेर झुकली तरी चालेल, बाहेरच्या चुडाची पानं आत आली तरी तो बाहेरच.

✔ तपासा: चारही चौकटींतले चूड मोजा. २० × १५ सेंटिमीटरवर लावणी असेल तर चौरस मीटरला ३३ च्या आसपास यायला हवेत. एका चौकटीत २० आणि दुसऱ्यात ४५ आले तर चौकटी वाढवा, चारने भागणार नाही.

पायरी ३: उन्हाचा डेटा

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. नेहमीचा हिशोब असा असतो: ऊन चौरस मीटरला १००० वॅट, दिवस १२ तासांचा, म्हणजे रोज १२ युनिट (किलोवॅट-तास). हे कुठल्याच महिन्यात खरं नाही. १००० वॅट म्हणजे स्वच्छ आकाशात भर दुपारचं ऊन. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन, ढग, आपला जुलै-ऑगस्ट हे सगळं धरलं तर आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसाला चौरस मीटरमागे ४ युनिटच्या आसपास, भर पावसात त्याहूनही कमी, आणि एप्रिल-मेमध्ये ६ च्या वर मिळतं. १२ धरलंत तर खालचा आकडा तिप्पट झाला आणि भात बिचारं विनाकारण नापास झालं.

डेटा मिळवायचे दोन फुकट मार्ग आहेत. एक म्हणजे नासा पॉवर, नासाची हवामान आणि सौर डेटाची वेबसाइट. तिथे आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकून रोजचा आकडा काढता येतो, आणि तो याच वर्षीचा मिळतो, हा मोठा फायदा. तोटा असा की सौर डेटाचा एक चौकोन साधारण १ अंशाचा, म्हणजे शंभरेक किलोमीटरचा असतो, आणि आपल्याकडे शंभर किलोमीटरमध्ये समुद्र, किनारा, सह्याद्री आणि थेट घाटमाथ्यापलीकडचा भाग सगळं येतं. किनाऱ्यावरच्या खाचराला आणि घाटाच्या पायथ्याच्या खाचराला तोच आकडा मिळू शकतो, जरी पायथ्याला ढग जास्त वेळ अडकून राहत असले तरी. दुसरा मार्ग ग्लोबल सोलर अ‍ॅटलास हा ऑनलाइन नकाशा, तो जागेच्या बाबतीत बारीक आहे पण अनेक वर्षांची सरासरी देतो, या वर्षी सप्टेंबर कोरडा गेला की ओला ते त्याला माहीत नाही. मी रोजच्या आकड्यांसाठी पहिला वापरतो आणि पायथ्याची जागा असेल तर दुसऱ्याशी ताडून बघतो.

⚠ दोन सापळे. नासा पॉवरवर तुम्ही शेतीचा पर्याय निवडलात तर आकडे मेगाज्यूलमध्ये येतात, सौरऊर्जेचा निवडलात तर किलोवॅट-तासात म्हणजे युनिटमध्ये. १ युनिट = ३.६ मेगाज्यूल. पावसाळ्यात रोजचा आकडा १५ च्या आसपास दिसला तर तो मेगाज्यूल आहे, ४ च्या आसपास दिसला तर युनिट. आणि डेटा नसलेल्या दिवशी तिथे -९९९ लिहिलेलं असतं. एक्सेलमध्ये सरळ बेरीज मारली तर तो उणे आकडाही बेरजेत जातो, एकूण ऊन एकदम कमी होतं आणि टक्केवारी आभाळाला भिडते. आधी ते दिवस शोधा, त्या जागी आगेमागेच्या दिवसांची सरासरी टाका.

मोबाइलच्या लक्स मीटर अ‍ॅपने ऊन मोजायचा मोह आवरा. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, डोळा हिरव्या-पिवळ्याला जास्त जागतो, झाडाचं गणित तसं नसतं. शिवाय दुपारी एकदा मोजलेला आकडा दिवसाची बेरीज होत नाही, पावसाळी दिवशी तर पाच मिनिटांत आकडा अर्ध्यावर येतो.

पायरी ४: पानांनी किती अडवलं याची नोंद

ही पायरी ऐच्छिक, पण भात कुठे मागे पडलं हे फक्त हीच सांगते, म्हणून जमली तर नक्की करा. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, चौकटीवर मोबाइल सरळ खाली धरून फोटो काढायचा. काठीला मोबाइल बांधला तर उंची दर वेळी सारखी राहते. फोटोत हिरवा भाग किती टक्के ते कॅनोपिओसारखं अ‍ॅप सांगतं, नाहीतर फोटोवर चौकटी आखून हाताने मोजा, थोडा वेळ जातो एवढंच.

फोटो ढगाळ उजेडात काढा. कडक उन्हात खाचरातलं पाणी चकाकतं, सावल्या काळ्या पडतात आणि अ‍ॅप गोंधळतं. शेवाळ किंवा तण हिरवं असेल तर तेही भात म्हणून मोजलं जाईल, म्हणून बेणणीच्या (तण काढण्याच्या) आधीचा फोटो असेल तर तशी नोंद करा. भात पिकायला लागल्यावर हिरवा भाग कमी दिसतो पण पिवळी पानंही ऊन अडवतातच, त्यामुळे निसवल्यानंतर (लोंबी बाहेर पडल्यावर) मी हिरवेपणाऐवजी झाकलेली जागा बघतो.

काही जण पिकाच्या वर आणि खाली लक्स मोजून भागाकार करतात. ढोबळ कल्पनेला ठीक आहे, पण पानांतून गाळून खाली आलेला उजेड हिरवट असतो आणि लक्सचा सेन्सर नेमका त्यालाच जास्त मोजतो, म्हणून खाली पोचलेला प्रकाश असतो त्यापेक्षा जास्त वाटतो आणि अडवलेला कमी येतो.

पायरी ५: कापणी

लोंबीतले बहुतेक दाणे पिवळे झाले की चौकटींची कापणी करा, बाकी शेताची कधीही होवो. परतीच्या पावसाचं सावट असेल तर एक-दोन दिवस आधी कापलेलं परवडतं, भिजून आडवं पडलेलं भात मोजण्यात अर्थ नाही.

क्रम असा ठेवा:

१. आधी चौकटीत खाली पडलेले दाणे आणि सुकलेली पानं वेचून पिशवीत.
२. मग चुडाखाली कापड पसरून विळ्याने अगदी जमिनीलगत कापणी. एरवी आपण वीतभर धसकटं ठेवतो, इथे तसं करायचं नाही. ती धसकटंही उन्हाचीच आहेत आणि त्यांचं वजन दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.
३. जागेवरच ओलं वजन, दाणा आणि पेंढा झोडून वेगळं. पोचट दाणे फेकू नका, ते पेंढ्यात टाका.
४. प्रत्येक पिशवीवर चौकटीचा नंबर, तारीख, ओलं वजन. पिशवीच्या आत पण एक चिठ्ठी, कारण बाहेरची शाई दमट हवेत जाते.

मुळांचं काय? प्रत्येक चौकटीतला एखादा चूड मुळांसकट खणून काढा आणि धुवा. आपली लाल माती मुळांच्या जाळ्यात अशी रुतून बसते की वरून स्वच्छ दिसणारा गड्डा वाळवल्यावर चुरगळला की मूठभर माती खाली पडते, आणि तुम्ही ती माती झाडाने साठवलेली एनर्जी म्हणून मोजलेली असते. बादलीत रात्रभर भिजत ठेवा, मच्छरदाणीच्या कापडावर धरून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. हे शक्य नसेल तर मुळं एकूण सुक्या वजनाच्या १० टक्के धरा, पिकलेल्या भाताला हा अंदाज बऱ्यापैकी बसतो, फक्त "अंदाज" असं लिहा.

पायरी ६: वाळवणं, म्हणजे खरं वाळवणं

ओल्या वजनावर हिशोब करणं ही पहिल्या क्रमांकाची चूक. पाण्यात जळण्यासारखी एनर्जी नसते. आणि अंगणात दोन दिवस ऊन दाखवलेला पेंढा म्हणजे "सुका" नव्हे, ऑक्टोबरमध्ये आपल्याकडची हवा इतकी दमट असते की हाताला कुरकुरीत लागणाऱ्या पेंढ्यातही दहा-बारा टक्के पाणी सहज असतं.

पूर्ण पिशवी ओव्हनमध्ये मावत नाही, गरजही नाही. पेंढा बारीक तोडून नीट मिसळा, त्यातले २०० ग्रॅम घ्या, दाण्याचे वेगळे २०० ग्रॅम घ्या. कृषी किंवा सायन्स कॉलेजच्या लॅबमध्ये ओव्हन असतो, ६५ ते ७० डिग्रीवर ठेवा. काही तासांच्या अंतराने वजन करत राहा आणि लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. किती तास लागतात ते बघू नका, वजन स्थिर झालं का ते बघा. घाईने तापमान वाढवलं तर पानं करपतात आणि वजन खोटं कमी येतं. बाहेर काढल्यावर उघड्यावर गार करू नका, लगेच झाकणाच्या डब्यात, नाहीतर नमुना हवेतलं पाणी परत पितो आणि काट्यावर आकडा डोळ्यादेखत वर सरकतो.

२०० ग्रॅम ओल्या पेंढ्याचे ७४ ग्रॅम उरले तर सुक्याचं प्रमाण ३७ टक्के. हेच प्रमाण अख्ख्या पेंढ्याला लावायचं.

✔ तपासा: कापणीच्या वेळच्या दाण्यात सुकं प्रमाण साधारण ७५ ते ८२ टक्के येतं. ९५ आलं तर दाणा आधीच उन्हात सुकलेला होता, म्हणजे ओलं वजन आणि नमुना एका वेळचे नाहीत.

पायरी ७: ग्रॅमचे मेगाज्यूल

शुद्ध स्टार्च जाळला तर ग्रॅमला साधारण १७.५ किलोज्यूल मिळतात. भाताच्या पेंढ्यात आणि तुसात सिलिका भरपूर असते, ती जळत नाही, राख होऊन उरते, म्हणून अख्ख्या भातझाडाला मी ग्रॅमला १६ किलोज्यूल धरतो. बॉम्ब कॅलरीमीटर (नमुना जाळून त्यातली एनर्जी मोजणारं यंत्र) उपलब्ध असेल तर प्रत्यक्ष मोजा, उत्तमच.

पाकिटावरच्या किंवा आहारतक्त्यातल्या कॅलऱ्या इथे वापरू नका. त्या आपल्या शरीराला पचणाऱ्या एनर्जीच्या असतात, शिवाय तांदळात थोडं पाणी धरून दिलेल्या, आणि पेंढ्याचा आकडा तर तिथे नसतोच.

पायरी ८: भागाकार, एका उदाहरणासह

हिशोब दिसावा म्हणून आकडे धरून चालतो. एका चौरस मीटरवर:

दाणा ओला ४९० ग्रॅम, सुकं प्रमाण ७९ टक्के, म्हणजे ३८७ ग्रॅम.
पेंढा ओला १३५० ग्रॅम, सुकं प्रमाण ३७ टक्के, म्हणजे ५०० ग्रॅम.
जमिनीवरचं एकूण ८८७ ग्रॅम. मुळं एकूणच्या १० टक्के, म्हणून ८८७ ÷ ०.९ = साधारण ९८५ ग्रॅम.

(इथे बरेच जण ८८७ चे १० टक्के काढून मिळवतात, फरक छोटा आहे पण "एकूणच्या" १० टक्के हे लक्षात ठेवा. लावलेल्या रोपांचं स्वतःचं सुकं वजन चौरस मीटरला काही ग्रॅमच असतं, वजा केलं तर चांगलं, नाही केलं तर दशांशाच्या पुढे फरक.)

साठलेली एनर्जी: ९८५ × १६ = १५,७६० किलोज्यूल, म्हणजे १५.७६ मेगाज्यूल.

ऊन: लावणी ते कापणी १०० दिवस, सरासरी रोज ४.२ युनिट. ४.२ × ३.६ = १५.१ मेगाज्यूल, गुणिले १०० = साधारण १५१० मेगाज्यूल.

उत्तर: १५.७६ ÷ १५१० × १०० = १.०४ टक्के.

आता याच खाचराचे, याच आकड्यांवरून निघणारे बाकीचे "निकाल" बघा. फक्त दाणा घेतला तर ०.४१. भरडून निघालेला तांदूळ घेतला तर ०.३ च्या आसपास. ओलं वजन तसंच घुसवलं तर १.९५. अख्खं झाड पण झाडाला वापरता येणाराच प्रकाश घेतला तर २.१७. त्यातही पानांनी अडवलेला तेवढाच धरला, समजा हंगामात सरासरी ६५ टक्के, तर ३.३. ओलं वजन आणि वापरता येणारा प्रकाश अशी दोन्ही भेसळ केली तर ४ च्या वर. यातले दोन निकाल चूक आहेत, बाकीचे सगळे बरोबर, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. म्हणूनच दोन जणांचे आकडे शेजारी ठेवायच्या आधी दोघांनी वर-खाली काय ठेवलंय ते विचारा, त्याशिवाय वाद घालण्यात वेळ घालवू नका.

⚠ सोलर पॅनेलच्या २० टक्क्यांशी दाण्याच्या ०.४ ची तुलना करणारे मेसेज फिरतात. पॅनेलमधून त्या क्षणाची वीज निघते, भाताचा आकडा म्हणजे पीक जगून, श्वसन करून, मुळं-पानं बांधून शेवटी उरलेला साठा, तोही पहिल्या दिवसापासून, जेव्हा पानंच नव्हती. तुलना करायचीच असेल तर निदान अख्खं झाड घ्या.

पायरी ९: उत्तर शक्यतेत बसतं का?

प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून झाडांचे सी-३, सी-४ असे प्रकार पडतात. भात ज्या सी-३ प्रकारात मोडतं त्याची वरची मर्यादा झू, लाँग आणि ऑर्ट यांनी २००८ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार ४.६ टक्के, ३० डिग्री तापमानाला. नाचणी, मका, ऊस हे सी-४, त्यांची ६ टक्के. हे पडलेल्या सगळ्या उन्हावर. प्रत्यक्ष शेतात अख्ख्या हंगामाचे उत्तमातले उत्तम आकडे सी-३ ला २.४ आणि सी-४ ला ३.७ च्या आसपास नोंदलेत. त्यामुळे अख्खं झाड, सगळं ऊन या हिशोबात भाताला २.५ च्या वर आलं तर आनंद व्हायच्या आधी पायरी ३ आणि ६ परत तपासा. ४.६ च्या वर आलं तर शोधायला लागा, चूक आहेच.

४.६ च का, हे माहीत असलं की कुठे काय हातात आहे तेही कळतं. १०० भाग ऊन आलं असं धरा. ५१ च्या वर भाग झाडाला वापरता येतच नाहीत, त्या लांबीच्या लहरी पानातल्या रंगद्रव्याला लागू पडत नाहीत. साधारण ५ परावर्तित होतात किंवा पानातून आरपार जातात. ६-७ भाग असे जातात की निळ्या प्रकाशात लाल प्रकाशापेक्षा एनर्जी जास्त असते पण झाड दोन्हीकडून सारखंच काम करून घेतं, वरची उष्णता होऊन निघून जाते. सगळ्यात मोठा तुकडा, २४-२५ भाग, साखर बनवण्याच्या रासायनिक प्रक्रियेतच खर्च होतो, एक कार्बन डायऑक्साइड बांधायला कमीत कमी ८ फोटॉन लागतात आणि त्यांच्यातली सगळी एनर्जी साखरेत उतरत नाही. मग सी-३ झाडात ६ भाग प्रकाशश्वसनात जातात, म्हणजे रुबिस्को हे एन्झाइम कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं आणि केलेलं काम निस्तरायला परत एनर्जी लागते, गरमी वाढली की हे जास्त होतं. शेवटी २ च्या आसपास झाडाच्या स्वतःच्या श्वसनात. उरले ४.६. नाचणीसारखी सी-४ पिकं रुबिस्कोजवळ कार्बन डायऑक्साइड दाटवून प्रकाशश्वसन जवळपास टाळतात, त्यासाठी थोडी जास्त एनर्जी मोजतात, तरी पदरात जास्त पडतं.

पण म्हणून तुमच्या वरकस जमिनीतल्या नाचणीला भातापेक्षा जास्त टक्के यायलाच हवेत असं नाही. उथळ जमीन, खत नाही, विरळ रोपं, मग ऊन जमिनीवरच जातं. मर्यादा प्रकाराची असते, आकडा शेताचा असतो.

✔ अजून एक चाळणी, पायरी ४ केली असेल तर: जमिनीवरचं सुकं वजन भागिले अडवलेलं एकूण ऊन. आपल्या उदाहरणात ८८७ ÷ (१५१० × ०.६५) = मेगाज्यूलला ०.९ ग्रॅम. निरोगी सी-३ पिकाला मेगाज्यूलला १.४ ग्रॅम हा आकडा मोनटीथ यांनी १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या पिकांवरून दिला होता. भाताला त्याच्या बरंच वर गेलात तर वजनात पाणी किंवा माती आहे असं समजा.

पायरी १०: आकडा वाचताना

१.०४ आणि ४.६ मधली दरी कुठे गेली ते पायरी ४ चे फोटो सांगतात. बहुतेक खाचरांत सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या महिन्यातलं असतं, लावणी उशिरा, रोपं जून झालेली, दोन चुडांत हातभर अंतर, मग पानं मिटेपर्यंत ऑगस्ट अर्धा जातो. इथे वेळेवर लावणी, वयात असलेलं रोप, नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरणं आणि लवकर बेणणी एवढ्यानेच अडवलेलं ऊन वाढतं. पानं मिटल्यानंतर अडवलेलं भरपूर पण वजन कमी असेल तर पान आजारी आहे, नत्र कमी पडलं, करपा आला, किंवा खाजणाशेजारच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीशेजारच्या) खाचरात खारं पाणी शिरलं, तिकडे बघा. नत्र एकदम न टाकता लावणीच्या वेळी, फुटव्याला आणि लोंबी धरायच्या वेळी असं विभागून दिलं तर शेवटची पानं जास्त दिवस हिरवी राहतात आणि दाणा भरायच्या काळातलं ऊन फुकट जात नाही.

आणि एक गैरसमज जो अगदी शिकलेल्या माणसांतही दिसतो. वायंगणी (उन्हाळी) भाताला ऊन जास्त, म्हणून टक्केवारीही जास्त असणार असं नाही. भाताचं एकेक पान भर उन्हाच्या बरंच आधी भरून जातं, वरच्या पानांना दुपारी मिळणारं जादा ऊन त्यांना वापरता येत नाही. ढगाळ दिवसाचा उजेड चहूबाजूंनी येतो, खालच्या पानांपर्यंत पोचतो आणि कुठल्याच पानाला फार होत नाही. त्यामुळे मिळालेल्या प्रत्येक मेगाज्यूलमागे पावसाळी भात जास्त वजन करू शकतं, आणि तरी एकूण उत्पन्न वायंगणीचं जास्त येऊ शकतं, कारण तिथे मुळात ऊनच दीडपट. टक्केवारी आणि उत्पन्न ही दोन वेगळी मापं आहेत, जास्त टक्के म्हणजे जास्त पोती असं कुणाला सांगू नका.

पायरी ११: निकाल लिहायचा कसा

नुसतं "१.०४ टक्के" लिहू नका. ओळ अशी हवी: "निमगरवं (मध्यम मुदतीचं) भात, खरीप, लावणी ते कापणी १०० दिवस, अख्खं झाड (मुळं १० टक्के अंदाजे), सुकं वजन ओव्हनवर, ग्रॅमला १६ किलोज्यूल, पडलेलं एकूण ऊन १५१० मेगाज्यूल प्रति चौरस मीटर नासा पॉवरवरून, चार चौकटींची सरासरी १.०४ टक्के, सर्वात कमी इतके, सर्वात जास्त इतके." चारही चौकटींचे आकडे द्या, फक्त सरासरी नको, कारण एकाच खाचरात दोन चौकटींत दीडपट फरक असेल तर शेजारच्या खाचरापेक्षा ०.१ ने जास्त आलं या म्हणण्यात काही उरत नाही.

दशांशानंतर दोनच आकडे पुरेत. ऊन, मुळं आणि किलोज्यूल तिन्हीत अंदाज आहे, १.०४३७ लिहिल्याने मोजमाप बारीक होत नाही.

वाळवलेले नमुने निकाल दिला की लगेच फेकू नका. चिठ्ठीसकट हवाबंद डब्यात, सोबत थोडी सिलिका जेलची पुडी टाकून पुढच्या लावणीपर्यंत ठेवा, कुणी शंका काढली तर परत ओव्हनमध्ये घालून वजन करता येतं.